आधी पाणी, मग खोली, सगळ्यात शेवटी नाव: जुना विहार ओळखण्याची माझी रीत

मी ३१ वर्षं शेतांच्या मोजण्या केल्या. आधी साखळी आणि प्लेन टेबल, शेवटची काही वर्षं टोटल स्टेशन. या कामात पहिल्याच वर्षी एक गोष्ट अंगवळणी पडते. बांधावर रोवलेला दगड दिसला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: हा दगड हद्दीचाच आहे का? आणि असला, तर कुणाच्या हद्दीचा? पहिल्याचं उत्तर जमिनीवर मिळतं, दुसऱ्याचं दप्तरात. दोन्ही एकदम विचारले की भावकीत डोकी फुटतात.

निवृत्तीनंतर ब्राह्मी शिकले आणि लेणी, टेकाडं बघत हिंडायला लागले, तेव्हा दिसलं की इथेही तोच घोटाळा आहे. एखाद्या डोंगरात चार खोल्या दिसल्या की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘हाच तो अमुक ग्रंथातला विहार.’ इथे विहार, म्हणजे बौद्ध भिक्खूंची राहायची जागा, होती का, हा एक प्रश्न. कोणता विहार होता, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, दुसऱ्याचं क्वचित. पहिलं पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळा तपशील.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. यात कुठेही कुदळ नाही. खणणं हे परवानगी घेतलेल्या तज्ज्ञांचं काम. तुमच्या-माझ्याकडे डोळे, टेप, वही, कॅमेरा आणि पाय आहेत, आणि तेवढ्यावर बरंच होतं.

पाण्यापासून सुरुवात

नव्या जागी गेलं की मी लेण्याच्या दर्शनी कोरीव कामाकडे आधी बघतच नाही. पाणी शोधते. भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. पुढे पुष्कळ ठिकाणी वस्ती बारमाही झाली. सह्याद्रीत पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही, पण फाल्गुन-चैत्रात उघड्या कड्यावर माणूस राहायचा तर साठवण लागणार. म्हणून लेणं तिथे टाकं. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात तो म्हणतो: ‘गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु धर्मात्मना इदं लेणं कारितं इमा च पोढियो.’ लेणं केलं आणि या पोढ्या केल्या. पाण्याची सोय हे स्वतंत्र, सांगण्याजोगं दान होतं.

पोढी बघायची ती अशी. तिचं तोंड बहुधा लेण्याच्या दाराशेजारी, एका खाचेत, छोटं चौकोनी असतं आणि पोट आत खडकाखाली पसरलेलं असतं. त्यामुळे ऊन कमी, बाष्पीभवन कमी. वर कड्यावर बारीक पन्हळी खोदलेल्या असतात. त्या दर्शनी भागावरून येणारं पाणी बाजूला वळवतात आणि टाक्यात आणून सोडतात. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. तिथे पावसाळ्यात जाऊन या पन्हळींमागे चालत राहा, एका सकाळीत जे समजेल ते वाचून समजणार नाही. माझी मोजणीची नजर तिथे खूश झाली होती. उतार इतका नेमका साधलाय की पाणी कुठे थांबत नाही आणि कुठे धावतही नाही.

टाक्यावर भिस्त ठेवून मी एकदा सपशेल फसले, तेही सांगते. जुन्नरकडच्या एका डोंगरावर मला ओळीने पाच टाकी सापडली, एकात खांब सोडलेले, शेजारी एक खोदीव खोली. मी वहीत ‘विहार’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. परतताना गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या आजींनी विचारलं, ‘ताई, किल्ला बघाया आल्ता व्हय?’ वरच्या अंगाला तटाचे दगड होते, ते मी बघितलेच नव्हते. खोलीत ओटा नव्हता, कोनाडा नव्हता. ती पहाऱ्याची किंवा साठवणीची जागा असावी. घाटवाटांवरच्या किल्ल्यांवरही सातवाहन काळापासूनची टाकी सांगतात. म्हणजे टाकं फक्त इतकंच सांगतं, की इथे माणसं राहत होती. कोण राहत होतं, ते खोली सांगते.

खोली

भिक्खूच्या खोलीला जास्त काही लागत नाही. एक माणूस आडवा होईल एवढा दगडी ओटा, दिव्यापुरता किंवा पात्रापुरता कोनाडा, आणि लाकडी दार. दार आता नाही, पण त्याच्या खुणा असतात. चौकटीची खाच, वर-खाली बिजागरीची भोकं, अडसराची भोकं. बोटं फिरवली तर आतली झीज लागते हाताला. ओटे मोजा. एका सभागृहाभोवती तिन्ही बाजूंनी अशा खोल्या असतील, चौथी बाजू व्हरांड्याकडे उघडी असेल, तर विहाराचा नकाशा जुळला. विटांच्या विहारातही हीच मांडणी; फक्त मधे सभागृहाऐवजी बहुधा उघडं अंगण.

पण ओटा दिसला म्हणजे बौद्ध, असंही नाही. जैन मुनीही डोंगरात राहत. कामशेतजवळच्या पाले गावाच्या लेण्यातला ब्राह्मी लेख ‘नमो अरहंतानं’ने सुरू होतो, त्यात लेण आणि पोढी असे दोन्ही शब्द आहेत, आणि तो जैन लेख मानला जातो. शब्द तेच, दगड तोच, डोंगररांगही कार्ल्या-भाजाचीच. उलट नाणेघाटाची गुहा बघा. सातवाहनांचा प्रसिद्ध लेख तिथे आहे, भिंतीला धरून दगडी बाकं आहेत, पण राहायच्या खोल्या नाहीत, आणि लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणांची यादी. ती विहाराची जागा नव्हे. नाणेघाटात उभं राहून गाइड ‘बौद्ध लेणी’ म्हणतो तेव्हा मी गप्प बसते; पूर्वी बसत नसे.

‘लेणं’ या शब्दाचीच एक गंमत. पाली विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्यांना राहायला परवानगी असलेल्या पाच निवाऱ्यांची यादी आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. या पाचांना मिळून शब्द आहे ‘पञ्च लेणानि’. म्हणजे लेणं म्हणजे मुळात निवारा. खडकात खोदलेलंच असलं पाहिजे असं नाही. आपण मराठीत तो शब्द खडकाला चिकटवला, कारण आपल्याकडे टिकलं ते खडकातलं. लाकडाचं, मातीचं, गवताचं गेलं. त्याच विनयात उपोसथाची म्हणजे ठरल्या तिथीला संघाने जमायची जागा, अग्निशाळा, स्नानगृह, संडास, चंक्रम म्हणजे फेऱ्या घालायची वाट, विहीर, मांडव असं सगळं येतं. यातलं तुमच्या जागेवर काय दिसतं, काय दिसत नाही, याची खूण करत जा. जुन्नरच्या एका लेखात नगरात धमुतरीय पंथाच्या भिक्षुणींचा उपाश्रय, म्हणजे राहायची जागा, असल्याचा उल्लेख आहे. डोंगरात तो शोधून सापडणार नाही. जुन्नर गावाच्या पोटात कुठेतरी गडप झालाय.

जागेची निवडही बघा. बिंबिसार राजा बुद्धासाठी वेळुवन निवडतो तेव्हा त्याच्या मनात काय आलं, ते विनयात आहे: गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, जायला-यायला सोयीचं, दिवसा गर्दी नसलेलं, रात्री आवाज नसलेलं. हा नियम मी नकाशावर लावून बघते. भिक्षेला जायचं म्हणजे सकाळी जाऊन ऊन चढायच्या आत परत यायला हवं. शंका असलेल्या जागेपासून एवढ्या चालीत जुनं गाव किंवा व्यापारी वाट नसेल, तर मी माझ्याच तर्काकडे संशयाने बघते. भाजे, कार्ले, बेडसे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नर नाणेघाटाच्या, पितळखोरा खानदेशात उतरणाऱ्या वाटेवर. हे योगायोगाने झालेलं नाही.

स्तूप

स्तूप दिसला की प्रश्न बराच सुटतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. लांबट सभागृह, मागची बाजू अर्धगोल, त्यात स्तूप आणि भोवती प्रदक्षिणेला जागा: ते चैत्यगृह. नेहमी असंच असतं असं नाही. जुन्नरच्या तुळजा लेण्यांत गोल चैत्यगृह आहे, स्तूपाभोवती १२ खांब. भाज्याला एका बाजूला १४ दगडी स्तूपांचा पुंजका आहे, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची नावं. कान्हेरीच्या निर्वाणवीथीत विटांच्या छोट्या स्तूपांची रांगच आहे. तिथले लेख शोभना गोखले यांनी अभ्यासले. अशी स्मारकं मिळाली की समजायचं, इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली आणि इथेच गेली. एका वर्षावासाचा मुक्काम नव्हे हा.

सावधगिरी एकच. जागा पुढे दुसऱ्या कुणी घेतलेली असते. लेण्याद्रीला ज्या विहारात गिरिजात्मज बसलाय त्या सभागृहाच्या तिन्ही बाजूंना आजही भिक्खूंच्या खोल्या आहेत. दर्शनाच्या रांगेत उभं राहून मोजता येतात. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरा आहे. तेरला त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून अर्धगोल आहे. हेन्री कझिन्स यांनी ते मुळात बौद्ध चैत्य असावं असं मांडलं. मला तसं वाटतं. पण अर्धगोल मागची बाजू तेवढ्यावर मी सही करणार नाही. तो त्या काळच्या गवंड्यांचा घाट होता, एका धर्माची मक्तेदारी नव्हती. आणि हो, आज जिथे पूजा चालू आहे तिथे वाद घालायला जाऊ नका. मोजायला जा, नमस्कार करा, या.

लेख: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

लेख वाचता येत नसला तरी फोटो नीट काढा. दुपारच्या उभ्या उजेडात अक्षरं दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, तिरप्या प्रकाशात काढा. आत अंधार असेल तर टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षरांत खडू, पीठ, चुना, तेल काहीही भरू नका. अक्षर उठून दिसावं म्हणून कुणीतरी पांढरा रंग भरलेला लेख मी पाहिलाय. रंगवणाऱ्याला जे अक्षर वाटलं ते त्याने रंगवलं, आणि आता खालचं खरं अक्षर कुणालाच दिसत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या दानलेखांचा साचा ठरलेला आहे, त्यामुळे वीसेक शब्द आले की निम्मे लेख उलगडतात. सुरुवातीला बहुधा ‘सिधं’. मग दात्याचं गाव, धंदा, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, स्वतःचं नाव. मग काय दिलं: लेण, पोढी, चेतियघर, थभ म्हणजे खांब. मग ‘देयधम’, म्हणजे धर्मदान. कधी कुणाला दिलं तेही: ‘चातुदिस भिखुसघ’, चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. ‘चातुदिस’ दिसलं की पहिला प्रश्न मिटला, इथे बौद्ध संघ होता. कधी पंथही येतो. कार्ल्याला महासांघिक, नाशिकला भदायनीय.

आता चूक कुठे होते ते बघा. लेखात गावाचं नाव दिसलं की नवखा माणूस आनंदाने ओरडतो, सापडलं जुनं नाव! मीही ओरडले होते, कार्ल्यात, आणि माझ्या ब्राह्मीच्या शिक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘बाई, हे गाव विभक्तीत कुठे आहे?’ कार्ल्याच्या खांबांवर ‘धेनुकाकटा’ हे नाव पुन्हा पुन्हा येतं. ते दात्यांचं गाव आहे, ‘धेनुकाकटाहून आलेला अमुक’. दर्शनी भागातला प्रसिद्ध लेख सांगतो की वेजयंतीच्या भूतपाल शेठीने हे शैलगृह पूर्ण केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. वेजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. यातलं कुठलंच कार्ल्याचं नाव नव्हे.

मग कार्ल्याचं जुनं नाव कसं मिळालं? जमिनीच्या दानातून. आणि इथे माझ्यासारख्या दप्तरी बाईला बरं वाटतं. उषवदाताच्या लेखात आहे, ‘वलूरकेसु लेणवासिनं पवजितानं’: वलूरकातल्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांना, म्हणजे घर सोडून भिक्खू झालेल्यांना, करजिक गाव दिलं. पुढच्या एका लेखात ‘वलुरकसंघ’ असं स्पष्ट येतं. गाव दान करायचं म्हणजे कुणाला आणि कुठे, हे नेमकं लिहावंच लागतं, नाहीतर महसूल कुणी वसूल करायचा? हौशी दात्याला ती गरज नसते. खांब जिथे आहे तिथेच तो लिहितो, जागेचं नाव कशाला सांगेल? तेव्हा नाव शोधायचं तर राजाज्ञा, गावदान, अक्षयनिवी (मुद्दल कायम ठेवून व्याज वापरायची ठेव) असे व्यवहाराचे लेख आधी शोधा. त्याच कार्ल्याच्या लेखांत ‘मामाल’ असा प्रदेश येतो, तो आजचा मावळ असं मानतात. आणि लेण्यांखालच्या गावाचं नाव वेहेरगाव; त्यात विहार दडलाय असं म्हणतात. पटतं, पण माझ्या वहीत ते दुसऱ्या क्रमांकाच्या पुराव्यात आहे, पहिल्या नव्हे.

कान्हेरीचंही तसंच. तिथे १८३९ मध्ये एका स्तूपात मिळालेल्या ताम्रपटात, त्रैकूटक राजांच्या संवतातल्या २४५ व्या वर्षाच्या, ‘कृष्णगिरी महाविहार’ असं नाव येतं.

नाशिकच्या एका लेखात अक्षयनिवीचा हिशेब आहे, तो मी कार्यशाळेत हटकून वाचून दाखवते. ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, ठेवले. २००० दरमहा शेकडा १ या दराने, १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढायचं नाही, व्याज खायचं. त्या व्याजातून वर्षावासाला असलेल्या २० भिक्खूंना चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. २००० चे महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २०, बरोबर १२. पैसा जुळतो. असा लेख मिळाला तर विहारात किती माणसं होती याचा अंदाजही लागतो. मग जाऊन ओटे मोजून बघा.

डोंगर नसेल तिथे: पांढरी

लेण्यांमुळे आपल्याला वाटतं विहार म्हणजे खडक. देशावर, विदर्भात, कोकणपट्टीत विटांचे स्तूप, विहार होते. ते आता टेकाडं झालेत. गावाच्या शिवारात दोन माती असतात, काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती मिळून पांढरी होते. जुन्या गावाची पांढरी खत म्हणून लोक गाड्या भरभरून नेतात, त्यामुळे अर्धी पुरावस्तू शेतात पसरलेली असते. पांढरीचं टेकाड म्हणजे वस्ती. स्तूपाचं टेकाड वेगळं: गोल, घुमटासारखं, आत भरीव, आणि बहुतेक वेळा माथ्यावर खड्डा, कारण धनाच्या आशेने कुणीतरी कधीतरी मधोमध खणलेलं असतं. पावसाने कडा ढासळली असेल तिथे विटा दिसतात, आजच्या विटेच्या मानाने चांगल्याच मोठ्या आणि चपट्या. विटेची लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मोजून लिहा. नुसतं ‘मोठी वीट’ लिहू नका.

लोक त्या टेकाडाला काय म्हणतात ते विचारा. सोपाऱ्याच्या स्तूपाला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उघडला, तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं, आणि भोवती बुद्धांच्या ८ छोट्या धातूच्या मूर्ती. नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्ती कित्येक शतकांनंतरच्या. म्हणजे स्तूप एकदा बांधून झाला आणि संपला असं नाही. मधे कुणीतरी श्रद्धेने तो उघडला, भर घातली, पुन्हा बंद केला. एका जागेला एक तारीख लावायची घाई करू नका, हे मी तिथून शिकले. कोट, गढी, राजाचा वाडा, पांडव, भीम, जोगी अशी नावं टेकाडाला असतील तर ती त्या जागेचं खरं नाव सांगत नाहीत. त्यांच्यावरून एवढंच कळतं की लोकांना ती जागा आपली वाटत नाही, आधीच्या कुणाची तरी वाटते.

पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप निघाला, आणि बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प, वर कोरलेल्या नावासकट. नाव कोरलेलं नसतं तर कुणीही त्याला साधा नागोबा म्हटलं असतं, आणि त्यात त्याची चूकही नसती.

ग्रंथ घेऊन जमिनीवर

आता दुसरा प्रश्न, कोणता विहार. इथे ग्रंथ येतात, आणि विशेषतः चिनी यात्रेकरू: फाहियान ३९९ ला निघाला, ह्युएनत्संग ६२९ ला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यांची प्रवासवर्णनं हातात धरून उत्तर भारत पालथा घातला. श्रावस्ती, कौशांबी, नालंदा अशा कितीतरी जागा त्यांनी ओळखल्या. रीत सोपी: अमुक शहरापासून तमुक दिशेला इतके ‘ली’ (अंतराचं चिनी माप) चालल्यावर विहार. मोजायचं आणि शोधायचं. माझ्या कामाचीच गोष्ट.

पण माप कुठलं? ह्युएनत्संग स्वतःच सांगतो की योजन म्हणजे जुन्या हिशेबाने ४० ली, इथल्या लोकांच्या हिशेबाने ३०, आणि धर्मग्रंथांत १६. मापाचा दंडच असा लांब-आखूड होत असेल, तर शंभर लीवर सापडणारी जागा कुठेही बसवता येईल. कनिंगहॅम यांनाही कधीकधी जमीन जुळत नसली की ग्रंथातली दिशाच चुकली आहे असं म्हणावं लागलं. हे मोजणीत केलं असतं तर माझ्यावर चौकशी लागली असती.

श्रावस्तीचं उदाहरण घ्या. कनिंगहॅम यांनी उत्तर प्रदेशातली सहेत-महेत ही जागा ठरवली. व्हिन्सेंट स्मिथ यांनी ती नाकारली, श्रावस्ती नेपाळकडे असावी म्हणाले. दोघांकडे ग्रंथ तेच होते. वाद मिटला तो सहेतच्या उत्खननात एका विहाराच्या अवशेषांत मिळालेल्या ताम्रपटाने. तो कनौजच्या गोविंदचंद्राचा, विक्रम संवत ११८६ चा, जेतवन महाविहाराच्या संघाला गावं दिल्याचा; आणि जेतवन म्हणजे श्रावस्तीचाच विहार. पुन्हा जमिनीचंच दान!

ग्रंथ आणि जमीन सुंदर जुळतात अशीही उदाहरणं आहेत. ह्युएनत्संग महाराष्ट्राच्या वर्णनात पूर्वेकडच्या डोंगरातल्या, अंधाऱ्या दरीतल्या एका संघारामाबद्दल, म्हणजे विहाराबद्दल, लिहितो. तो अचल नावाच्या अर्हताने बांधवला, आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या लेखात स्थविर अचलाने शैलगृह करवल्याचा उल्लेख आहे, आणि १६ व्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन हत्ती आजही उभे आहेत. दरी, नाव, हत्ती: तीन वेगवेगळ्या गोष्टी एका जागी येतात. पण तोच यात्रेकरू तिथल्या विहाराची आणि मूर्तीची जी उंची सांगतो ती अजिंठ्यात कुठेच बसत नाही. म्हणून मी त्याच्या आकड्यांपेक्षा त्याच्या विशेषणांवर विश्वास ठेवते. हत्ती कुणी उगाच लिहीत नाही. आकडा ऐकीव असू शकतो.

शिक्का कुणाचा, कुठे

विटांच्या विहारांत नाव मिळतं ते मातीच्या मुद्रांवरून. नालंदाला धर्मचक्र आणि दोन हरणं असलेल्या शेकडो मुद्रा मिळाल्या, खाली अक्षरं: ‘श्रीनालन्दामहाविहारीयार्यभिक्षुसङ्घस्य’. ओडिशातल्या रत्नगिरीचं नावही असंच मुद्रांवरून पक्कं झालं (आपलं कोकणातलं रत्नागिरी नव्हे, दरवर्षी कुणीतरी विचारतंच). मुर्शिदाबादजवळ राजबाडीडांगा इथे कलकत्ता विद्यापीठाच्या उत्खननात १९६२ मध्ये ‘रक्तमृत्तिका महाविहार’ असं लिहिलेली मुद्रा मिळाली, आणि ह्युएनत्संगाने कर्णसुवर्णाजवळ सांगितलेला त्याच नावाचा विहार जागेवर बसला.

मुद्रेची एक खोड लक्षात ठेवा. ती प्रवास करते. पत्राला, गाठोड्याला लावलेली ओल्या मातीची मोहर दुसऱ्या गावी जाऊन फुटते. म्हणून एक मुद्रा म्हणजे कदाचित आलेलं पत्र. एकाच विहाराच्या शंभर मुद्रा म्हणजे तिथलंच कार्यालय. आणि मुद्रा उमटवायचा मूळ साचाच मिळाला तर प्रश्नच मिटला. उत्तर प्रदेशात पिप्रहव्याला १९७० च्या दशकात ‘कपिलवस्तु भिक्षुसंघ’ आणि ‘देवपुत्र विहार’ असं वाचलेल्या मुद्रा मिळाल्या. त्यावरून पिप्रहवा हेच कपिलवस्तू असं अनेक जण म्हणतात, नेपाळ तिलौराकोटचं नाव घेतं. मी मुद्रेवर जेवढं लिहिलंय तेवढंच वाचते: त्या विहारात स्वतःला कपिलवस्तूचा म्हणवणारा भिक्षुसंघ राहत होता. बुद्धाच्या वडिलांचा, शुद्धोदनाचा वाडा कुठे होता, हे त्या मातीच्या गोळीला विचारून उपयोग नाही.

वही आणि अर्ज

माझी वही दोन रकान्यांची आहे. डाव्या रकान्यात जमिनीवर दिसलेलं: पाणी, ओटे, खाचा, स्तूप, विटांची मापं, लेखाचे फोटो क्रमांक. उजव्यात फक्त नावाचे पुरावे, आणि प्रत्येकापुढे तो कुठून आला: दानलेख, ताम्रपट, मुद्रा, यात्रावर्णन, लोकनाम, याच उतरत्या क्रमाने. उजवा रकाना बहुतेक पानांवर कोरा आहे. कोरा ठेवायला सुरुवातीला जीव तुटायचा, आता सवय झाली.

नवीन काही सापडलंय असं वाटलं तर उचलून घरी आणू नका. खापराचा तुकडाही जिथे पडलाय तिथेच बोलतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर भोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. गावात कुणी विहीर खणायला काढली असेल तर हे आधीच सांगितलेलं बरं. पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहा, मापं आणि फोटो जोडा, अक्षांश-रेखांश द्या, आणि सातबारा काढून गट नंबर न विसरता लिहा. ‘डोंगराच्या पश्चिमेला, मोठ्या बाभळीजवळ’ असे अर्ज मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. आपण जागेवर पोचतो, तोवर बाभळ चुलीत गेलेली असते.